सीलच्या कातड्यातला ससा

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला तीन ओळखीच्यांनी पाठवला. वर एक घुबड, मोठ्या डोळ्यांचं, पिसं चहूकडे पसरलेलं. खाली लिहिलेलं: 'एस्किमोंची म्हणून जी कला जगभर विकली जाते ती त्यांची नाहीच. १९४८ साली एक गोरा चित्रकार तिथं गेला, त्याने त्यांना मूर्ती कोरायला शिकवलं, जपानहून छपाई आणून दिली आणि बाजारासाठी एक परंपरा बनवली.' इंग्रजीत हे बरीच वर्षं फिरतं आहे. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच ते चटकन पटतं. मला ते पटत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

आधी नाव. कॅनडाच्या उत्तरेतले हे लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. 'एस्किमो' हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना तो नकोसा आहे.

'१९४८ आधी तिथं कला नव्हती.' तो गोरा चित्रकार म्हणजे जेम्स ह्यूस्टन. ते १९४८ मध्ये हडसन उपसागराच्या काठावरच्या इनुकजुआक गावी गेले, हे खरं. तिथून ते छोट्या दगडी मूर्ती घेऊन आले, आणि पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये मूर्तींची विक्री मांडली तेव्हा तीन दिवसांत सगळा माल संपला, हेही खरं. पण पहिल्याच फेरीत त्यांच्या हाती आलेल्या मूर्ती कोणी शिकवून कोरल्या होत्या? त्या आधीच होत्या, म्हणून तर ते थक्क झाले. देवमासे मारणारी जहाजं एकोणिसाव्या शतकात तिकडे जात, तेव्हापासून वॉलरसच्या सुळ्यांवरचं कोरीवकाम बंदुका, सुया, चहा यांच्या बदल्यात दिलं जात होतं. त्याही मागे गेलं तर वॉलरसच्या सुळ्यांचे कंगवे आणि सुया ठेवायची नळकांडी घडवणारे थुली लोक भेटतात. हे आजच्या इनुइटांचे थेट पूर्वज, हजारेक वर्षांपूर्वी अलास्काकडून आलेले. त्यांच्या आधी त्याच भूमीवर डॉर्सेट संस्कृतीचे लोक होते. त्यांनी कोरलेली अस्वलं आणि मुखवटे कित्येकदा अंगठ्याएवढेच असतात. ते वेगळे लोक होते, म्हणून इनुइट कला सलग चार हजार वर्षांची आहे असं मी म्हणणार नाही. तसा उलटा दावाही काही जण करतात, आणि तोही चूकच आहे.

'छपाई जपानची, म्हणजे चित्रंही उसनी.' इथं मला थांबायचं आहे, कारण या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथंच दडलेली आहे.

बाफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ किंगाइत नावाचं गाव आहे. पूर्वी नकाशावर ते केप डॉर्सेट होतं, २०२० पासून अधिकृतपणे किंगाइत. १९५७ च्या सुमारास तिथला मूर्तिकार ओसुइटोक इपिली सिगारेटच्या दोन पाकिटांवरचा खलाशी न्याहाळत होता. तेच डोकं पुन्हा पुन्हा रंगवत बसायचं म्हणजे केवढं कंटाळवाणं काम, असं तो म्हणाला. ह्यूस्टननी त्याच्याच एका कोरलेल्या सुळ्यावर शाई फासली, वर पातळ कागद दाबला आणि ठसा दाखवला. पुढे ह्यूस्टन जपानला जाऊन उनिची हिरात्सुका यांच्याकडे छपाई शिकून आले. पातळ जपानी कागद आणि चित्राच्या कोपऱ्यातला नाममुद्रेचा शिक्का तिथूनच आला. हे नाकारायचं कारणच नाही.

पण ठसा उमटवायला आधी आकार लागतो. तो कुठून आला?

इनुइट बायका पिढ्यान्पिढ्या सीलच्या कातड्याचे बूट शिवत आल्या आहेत. कापायला उलू, म्हणजे अर्धचंद्रासारख्या पात्याची सुरी. दोरा कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानहरणाच्या, पाठीच्या कंडरेतून सोलून काढलेला, जो ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. टाका असा घालायचा की कातडं आरपार भोसकलं जाणार नाही, नाहीतर पाणी आत येऊन पाय गोठलाच. त्यातच नक्षी असते: गडद कातड्यातून एक आकार कापायचा, फिक्या कातड्यातून नेमका तेवढाच, आणि एकाच्या भोकात दुसरा बसवून शिवून टाकायचा. आकार आणि त्याच्या भोवतीची रिकामी जागा, दोन्ही एकदम दिसल्याशिवाय हे जमत नाही.

केनोजुआक अशेवाक (१९२७–२०१३) हीसुद्धा अशीच शिवणारी बाई. तिने सीलच्या कातड्याची एक पिशवी केली होती, तिच्यावर समुद्रातलं शेवाळ खाणारा ससा होता. १९५९ मध्ये किंगाइतचा पहिला छापचित्रांचा संच निघाला, त्यात हा ससा स्टेन्सिलने छापलेला आहे. स्टेन्सिल म्हणजे तरी काय? कापून काढलेल्या आकाराचं भोक. सुरुवातीला ती स्टेन्सिलंही सीलच्या कातड्याचीच कापत. जपानच्या वारीतून हे आलेलं नाही. उलू धरणाऱ्या हातातून आलेलं आहे, आणि 'एका गोऱ्या माणसाने शिकवलं' म्हटलं की पहिला घाव याच बायकांवर बसतो.

'विकण्यासाठी केली, म्हणून खोटी.' दुसऱ्या महायुद्धानंतर पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले. ज्या लोकांना व्यापाऱ्यांनीच सापळ्यांवर जगायला लावलं होतं, त्यांच्या हाती दुसरं फारसं काही उरलं नाही. पिटसिओलाक अशूना ही नवरा वारलेली, पदरात मुलं. ती पन्नाशी ओलांडल्यावर चित्रं काढू लागली आणि १९८३ मध्ये मरेपर्यंत हजारो चित्रं काढून गेली: तंबू, हंस, फिरस्तीचे दिवस. पोटासाठी काढली, हे तिने कधी लपवलं नाही. आधी विचार करावा लागतो आणि तेच अवघड असतं, असंही ती सांगायची. पैसे घेतले म्हणून तिची आठवण खोटी ठरते का?

बाजाराने ढवळाढवळ केली, हे मात्र मान्य करायलाच हवं. काय कोरावं, गिऱ्हाइकाला काय आवडतं, हे सांगणारी एक पुस्तिका १९५१ मध्ये ह्यूस्टननीच वाटली होती. पुढे १९६१ पासून दक्षिण कॅनडातली एक समिती कोणती छापचित्रं विक्रीला जावीत ते ठरवू लागली. याचा राग यावा असंच ते होतं. पण त्या दबावाखाली काम करणाऱ्यांचं काम त्यांचं नव्हतं, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय किंगाइतची छपाई ज्या सहकारी संस्थेने चालवली, तिचे सभासद-मालक गावातले इनुइटच.

'खरी इनुइट कला म्हणजे अस्वल आणि घुबड, हल्लीची मंडळी बिघडली.' हे काही जण त्याच मजकुराखाली जोडतात. पिटसिओलाकची नात ॲनी पूटूगूक (१९६९–२०१६) हिने टीव्ही, स्वयंपाकघर, दुकानातला फ्रीजर, घरातली मारहाण काढली, आणि २००६ मध्ये कॅनडाचा कलेसाठीचा सोबी पुरस्कार मिळवला. आजीने तिच्या काळातलं जगणं काढलं, नातीने तिच्या.

आता ते घुबड. ते केनोजुआकचंच आहे, १९६० चं. सपाट दगडावर चित्र उतरवायचं, नको तो भाग कोरून काढायचा, शाई लावायची, कागद ठेवून पाठीमागून हाताने घासायचं, आणि प्रत्येक प्रतीला पुन्हा तेच. १९७० मध्ये कॅनडाने त्या घुबडाचं टपाल तिकीट काढलं. मला आलेल्या तिन्ही मजकुरांत ते चित्र होतं आणि तिन्हींत नाव फक्त ह्यूस्टनचं होतं. पुढे पाठवणारच असाल तर चित्राखाली एवढं तरी लिहा: केनोजुआक अशेवाक, किंगाइत.