स्पोर्ट बाईक ‘फक्त मागून’ खाली करण्याबद्दल खुलासा

इंदूरच्या मराठी रायडर मंडळींत एक सल्ला फिरतोय: आपली उंची कमी असेल तर मागच्या सस्पेन्शनची लिंक (शॉक अब्सॉर्बर आणि मागच्या चाकाचा दांडा यांच्या जोडणीतली पट्टी) लांब टाका, इंचभर सीट खाली येते, बाकी कशाला हात लावायचा नाही. पहिला भाग बहुतेक लिंकेजवाल्या गाड्यांना लागू आहे. दुसरा चूक.

फक्त मागचं खाली बसवलं की पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) जास्त कलतो, ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो, स्टिअरिंग जड होतं. सिमरोलच्या घाटात वळण घेताना गाडी बाहेर पळते ती यामुळेच. म्हणून फोर्कच्या नळ्याही ट्रिपल क्लॅम्पमधून (हँडलखालच्या, त्या नळ्या धरणाऱ्या पकडीतून) वर सरकवाव्या लागतात. एका वेळी ५-५ मिलिमीटरने, दोन्ही बाजू व्हर्नियर कॅलिपरने मोजून, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या ताकदीने आवळणाऱ्या पान्याने). फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड रेडिएटरला किंवा फेअरिंगला लागत नाही ना, तेही बघा.

साइड स्टँड सगळे विसरतात. गाडी खाली आली की तो लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उतारावर उलट्या बाजूला पडते. तो कापून वेल्ड करावा लागतो. चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासा, हेडलाइटचा झोत खाली घ्या.

केटीएमच्या आरसी ३९०ला लिंकच नाही, शॉक थेट स्विंगआर्मवर (मागच्या चाकाच्या दांड्यावर). तिथे हा उपाय मुळात चालतच नाही. आणि प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगवरचा आधीचा ताण) ढिला करून उंची कमी करणं तर नकोच: खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटतं.

आधी सीटचा फोम कडेने तासून बघा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.