क्लोव्हरफिल्डच्या नावाने फिरणारा तो मेसेज, आणि फिट आल्यावर चमचा का घालायचा नाही

गेले काही दिवस व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, सोबत एक छोटी क्लिप आहे. रात्रीचं न्यूयॉर्क, कॅमेरा गदागदा हलतोय, लोक किंचाळतायत आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं मुंडकं उडत येऊन भर रस्त्यात आपटतं. खाली लिहिलंय की हे अमेरिकन लष्कराला सापडलेलं खरं शूटिंग आहे, त्याचाच पुढे क्लोव्हरफिल्ड नावाचा राक्षसाचा पिक्चर काढला, तो बघताना थिएटरमध्ये लोक ओकले, जपानमध्ये 700 मुलं हॉस्पिटलात गेली, हलता कॅमेरा मेंदू कायमचा बिघडवतो म्हणून अमेरिकेत बंदी आली, पैसे नव्हते म्हणून कॅमेरा हलवला आणि पिक्चर पडला. आणि सगळ्यात शेवटी उपाय : असा व्हिडिओ बघून कुणाला चक्कर किंवा फिट आली तर चप्पल नाहीतर कांदा हुंगवा, दातांत चमचा घाला, हातपाय घट्ट धरून ठेवा. प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोचवा.

हा मेसेज मावशीने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि थोड्याच वेळात ताईचा फोन आला. माझ्या भाचीला फिट्सचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, बरेच दिवस सगळं नीट चाललंय. पोरगी मोबाईलवर ट्रेकिंगचे आणि बाइकवरून काढलेले व्हिडिओ बघत असते. ताई घाबरून विचारत होती की मोबाईल काढून घेऊ का, आणि रात्री उशाशी चमचा ठेवू का. मावशीवर माझा राग नाही, तिने काळजीपोटीच पाठवलं. पण ज्याने कुणी हे बसून लिहिलं त्याने एका पिक्चरच्या गोष्टीत असा सल्ला घुसवलाय ज्याने एखाद्या पोराचा जीव जाऊ शकतो, म्हणून शेवटचा मुद्दा मी सगळ्यात आधी घेतोय.

फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, रुमाल नाही, पाणीसुद्धा नाही. जीभ गिळली जाते ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, पण जीभ गिळली जात नाही. ती चावली जाऊ शकते, रक्त येतं, बघणाऱ्याचं काळीज हलतं हे मान्य, पण ती जखम भरून येते. चमचा कोंबला तर दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि घालणाऱ्याचं बोट फुटतं ते वेगळंच. हातपाय दाबून धरल्याने झटके थांबत नाहीत, उलट खांदा निखळू शकतो. चप्पल आणि कांद्याचं म्हणाल तर बहुतेक फिट एकदोन मिनिटांत आपली आपणच थांबते, तेवढ्यात कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणलेली असते, आणि मग सगळ्यांना वाटतं चपलेने थांबली. पिढ्यान्पिढ्या हे असंच चाललंय आणि त्या माणसाच्या तोंडाला सगळ्यांदेखत चप्पल लावली जाते, शुद्धीवर आल्यावर त्याला काय वाटत असेल याचा विचार कुणी करत नाही.

करायचं ते फार सोपं आहे. घड्याळ बघा, फिट कधी सुरू झाली ते लक्षात ठेवा. आजूबाजूचं टेबल, खुर्ची, काच बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याजवळचं बटण सैल करा. झटके थांबले की एका कुशीवर वळवा म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, चहा, गोळी काही नाही. फिट 5 मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर 108 ला फोन करा. ताईला हे सगळं फोनवर सांगितलं आणि लिहूनही पाठवलं. तिने हे डॉक्टरांकडून आधी ऐकलेलं होतं, तरी एका मेसेजने तिचा धीर सुटला.

आता जपानची 700 मुलं. हा आकडा वाचला आणि मला लगेच कळलं की कुठून उचललाय. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉन कार्टूनचा एक भाग दाखवला, त्यात काही सेकंद लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला साधारण 12 वेळा लपलप झाला, आणि 685 च्या आसपास लोकांना, बहुतेक मुलांनाच, हॉस्पिटलात न्यावं लागलं. बहुतेक जण लवकरच बरे झाले, पण काहींना खरोखर फिट आली होती. ही घटना खरी आहे आणि गंभीर आहे, तिच्यानंतर जपानमधल्या वाहिन्यांनी लखलखाटाबद्दल नियमच केले. पण क्लोव्हरफिल्ड थिएटरला लागला 18 जानेवारी 2008 ला! त्याच्या 10 वर्षं आधीच्या कार्टूनची मुलं या पिक्चरच्या खात्यावर टाकलीत.

आणि यात नुसती तारखेची गडबड नाहीये, कारणच वेगळं आहे. ज्यांना प्रकाशाने फिट येते त्यांना त्रास होतो तो लखलखाटाचा, म्हणजे सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद होणाऱ्या उजेडाचा, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको असा नियम असतो. कॅमेरा हलणं हा त्यातला प्रकार नाही. शिवाय फिट्स असणाऱ्या सगळ्यांनाच प्रकाशाचा त्रास नसतो, शंभरात साधारण तीन जणांना असतो. या पिक्चरमध्ये अंधारात स्फोट आहेत, उजेडाचे झोत आहेत, त्यामुळे ज्यांच्या डॉक्टरांनी प्रकाश टाळा असं सांगितलंय त्यांनी विचारून बघावा, एवढं मी म्हणेन. माझ्या भाचीच्या डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही, तेव्हा तिचा मोबाईल तिच्याकडेच राहू दे.

ओकण्याबद्दल मात्र मला कबूल करावं लागतंय. हो, लोकांना त्रास झाला. पिक्चर लागला तेव्हा अमेरिकेतल्या एएमसी या मोठ्या थिएटर साखळीने दारावर सूचना लावल्या होत्या, की हा पिक्चर ज्या पद्धतीने शूट केलाय त्यामुळे रोलर कोस्टरमध्ये बसल्यावर होतो तसा त्रास होऊ शकतो. ही एकच सूचना नीट वाचली तरी अर्धा मेसेज कोसळतो. एक म्हणजे थिएटरवाले स्वतः पिक्चर दाखवत होते, म्हणून तर सूचना लावली, बंदी असती तर सूचना कशाला लावतील? दुसरं म्हणजे त्यांनी त्रासाचं नाव अचूक दिलं. आपल्याकडे आंबा घाटात एसटीत मागच्या सीटवर बसलं की गाडी लागते ना, तेच. फक्त थिएटरमध्ये ते उलट घडतं. घाटात कानातल्या तोलाच्या यंत्रणेला कळतं की आपण वळतोय पण डोळ्यांसमोर समोरच्या सीटची पाठ स्थिर असते, आणि थिएटरमध्ये डोळे सांगतात आपण धावतोय पण शरीर खुर्चीत स्वस्थ बसलेलं असतं. दोन्हीकडे डोळ्यांचं आणि कानाचं जुळत नाही आणि मळमळ सुरू होते, घाम फुटतो, डोकं गरगरतं.

याने मेंदू कायमचा बिघडत नाही. डोळे मिटले, बाहेर येऊन हवा खाल्ली की थोड्या वेळात उतरतं, फार तर काही तास डोकं जड राहतं. ज्यांना मायग्रेन आहे, ज्यांना गाडी लागते, त्यांना जास्त होतं, लहान मुलांना जास्त होतं. पडदा जितका मोठा आणि जितक्या पुढे बसाल तितकं जास्त, कारण नजरेत दुसरं स्थिर काही उरतच नाही. म्हणून मागच्या रांगेत बसायचं, अधूनमधून पडद्याच्या कडेला किंवा भिंतीकडे बघायचं. घरी छोट्या स्क्रीनवर हाच पिक्चर बऱ्याच जणांना अजिबात त्रास देत नाही. मला स्वतःला घाटात हमखास गाडी लागते, मी लॅपटॉपवर दिवा चालू ठेवून पूर्ण बघितला आणि मला फार आवडला.

खरं शूटिंग वगैरेबद्दल फार लिहायची गरज नाही. मॅट रीव्हजने दिग्दर्शन केलंय, जे. जे. अब्रॅम्स निर्माता, ड्रू गोडार्डने लिहिलाय. सुरुवातीला पडद्यावर येतं की हा कॅमेरा पूर्वी सेंट्रल पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात सापडला, ते गोष्टीतलं वाक्य आहे, आणि मेसेजवाल्याने तेच पुरावा म्हणून दिलंय. सेंट्रल पार्क आजही जागच्या जागी आहे, रोज हजारो लोक तिथे फिरतात. एक मानतो, जाहिरातच अशी केली होती की लोक गोंधळावेत. 2007 च्या उन्हाळ्यात आलेल्या पहिल्या ट्रेलरमध्ये नावच नव्हतं, फक्त तारीख होती, आणि पात्रांची मायस्पेस या तेव्हाच्या सोशल मीडिया साइटवर खाती काढून ठेवली होती. ते मुंडकं तर कॉम्प्युटरवर केलेलं, ट्रेलर बघून लोक म्हणाले फार छोटं दिसतं, म्हणून पिक्चरमध्ये खऱ्या मापापेक्षा मोठं केलं.

पैसे नव्हते हेही चूक. अडीच कोटी डॉलर लागले होते, हॉलिवूडच्या हिशोबाने कमी, पण मोबाईल घेऊन चार पोरांनी काढलेला हा पिक्चर नाही. उलट कॅमेरा असा हलत असताना त्यात कॉम्प्युटरवरचा राक्षस नेमक्या जागी बसवणं जास्त कष्टाचं, प्रत्येक फ्रेमला कॅमेरा कुठे होता ते आधी शोधून काढावं लागतं. आणि पडला? पहिल्या तीन दिवसांत 4 कोटी डॉलर, जानेवारीत लागलेल्या पिक्चरसाठी तेव्हाचा विक्रम, आणि जगभरात मिळून 17 कोटींच्या आसपास. हां, दुसऱ्या आठवड्यात गल्ला दोनतृतीयांशाने उतरला आणि थिएटरमधून बाहेर येणाऱ्या प्रेक्षकांना विचारून जी श्रेणी काढतात त्यात त्याला सी मिळाली होती, म्हणजे बऱ्याच लोकांना आवडला नव्हता हे खरं आहे. राक्षस नीट दिसत नाही, शेवटी काही उलगडत नाही, अशी तक्रार तेव्हाही होती, अजूनही आहे. ती तक्रार मला पटत नाही, पण ती करायचा त्यांना हक्क आहे.

उरली बंदी. बंदी नव्हती, पीजी-13 प्रमाणपत्र होतं, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांना दाखवताना आईबापांनी विचार करावा, एवढंच. पण त्या वेळी काही अमेरिकन प्रेक्षक आणि समीक्षक खरोखर दुखावले गेले होते आणि त्याचं कारण या मेसेजमध्ये कुठेच नाही. इमारत कोसळते, रस्त्यातून पांढऱ्या धुळीचा लोट अंगावर येतो, लोक दुकानात शिरून दार लावतात, बाहेर येतात तेव्हा सगळे राखेने माखलेले. 11 सप्टेंबर 2001 ला मॅनहॅटनमधले जुळे मनोरे कोसळले तेव्हा लोकांनी आपल्या हातातल्या कॅमेऱ्यांनी नेमकं हेच टिपलं होतं, आणि 2008 म्हणजे तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती. त्या दिवशी तिथे असलेल्या कुणाला हे बघवलं नसेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही. 1954 मध्ये जपानने गॉडझिला हा राक्षसाचा पिक्चर काढला तेव्हाही अणुबॉम्बला नऊच वर्षं झाली होती, आणि त्याच वर्षी एका जपानी मासेमारी बोटीवर अमेरिकन चाचणीची किरणोत्सारी राख पडली होती. स्वतःवर गुदरलेलं संकट लोक राक्षसाच्या गोष्टीत घालून बघतात, त्यात कुणाला मोकळं वाटतं, कुणाची जखम पुन्हा उघडते. या पिक्चरवर वाद घालायचा असेल तर या मुद्द्यावर घाला, मी आनंदाने घालीन. पण तो चमचा आणि चपलेचा भाग ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी आज त्याच ग्रुपवर कुशीवर वळवण्याचं आणि 108 चं लिहून टाका.