धरलंय

आमच्या बाथरूममधला नळ गळत होता तेव्हा घरातला प्रत्येक जण त्याबद्दल बोलत असे. आई म्हणायची, रात्रभर टप् टप् ऐकू येतं, डोळ्याला डोळा लागत नाही. बायको म्हणायची, सोसायटीत टँकर मागवतोय आणि आपण इथे नदी सोडलीये. मुलगी तर आल्यागेल्या पाहुण्यांना सांगायची. आता नळ गळत नाही. गेले तीन आठवडे गळत नाही. आणि या तीन आठवड्यांत त्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढलेला नाही.

माझं दुखणं हेच आहे. बिघडलेली वस्तू सगळ्यांना दिसते, दुरुस्त झालेली कोणालाच दिसत नाही. बासुंदी केली तर वाटीभर शेजारी देता येते. न गळणारा नळ कसा देणार? एकदोनदा जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणून पाहिलं, "किती शांत वाटतंय नाही घरात?"

"टीव्ही बंद आहे म्हणून," आई म्हणाली.

नळाची कथा दिवाळीपासूनची. प्लंबरला फोन केला. तो "आलोच" म्हणाला आणि संक्रांतीला आला. नळाकडे लांबूनच, हात न लावता पाहिलं आणि म्हणाला, "जुनं मॉडेल आहे, बदलून टाका." नव्या नळाचा आकडा सांगितला, यायचे पैसे घेतले आणि गेला. त्या आकड्याने माझ्यातला माझा बाप जागा झाला.

वडिलांचा एक डबा होता. म्हणजे अजून आहे, वडील नाहीत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावरची गुलाबाची फुलं गंजून तपकिरी झालेली. आत चुका, खिळे, वाकडे खिळे (सरळ करून वापरायचे म्हणून ठेवलेले), डोकं झिजलेले स्क्रू, सायकलचे छर्रे, काचेच्या फ्यूजा, कुलूप हरवलेल्या किल्ल्या आणि सुतळीच्या गुंड्या. डब्याचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत होतं: लागेल कधीतरी. आईने तो निदान चार वेळा भंगारवाल्याच्या पोत्यापर्यंत पोचवला होता. वडील चारही वेळा त्या भंगारवाल्याकडून तो परत घेऊन आले, आणि एकदा येताना त्याच्याच पोत्यातली एक बिजागरीही.

आमच्या लहानपणी नळ गळायला लागला की वडील जुनी चप्पल शोधत. झिजलेला वायसर कातड्यावर ठेवून पेन्सिलने गोल आखायचा, ब्लेडने कापायचा, मधे खिळ्याने भोक पाडायचं, झाला वायसर. आता चपलांत कातडं नसतं म्हणून मी डब्यात हात घातला. तळाशी, एका किल्लीच्या कडीत अडकलेला अर्ध्या इंचाचा रबरी वायसर होता. कोरा. वडिलांनी तो कुठल्या साली, कुठल्या नळासाठी आणला असेल देव जाणे. लागेल कधीतरी, ते कधीतरी आज उगवलं होतं.

पण वायसर बसवण्याआधी पाणी बंद करावं लागतं, आणि आमचं पाणी गच्चीवर बंद होतं. तिथे टाकीखाली बारा फ्लॅटचे बारा कॉक एका रांगेत उभे आहेत, सगळे सारखे. बिल्डरने त्यांवर कधीकाळी रंगाने नंबर टाकले होते. पुढच्या रंगाऱ्याने त्यांवर नवा रंग मारला. मी डावीकडून तिसरा बंद केला. चार मजले उतरून खाली आलो. नळ चालूच. परत वर गेलो. तिसरा उघडला, चौथा बंद केला. जिना उतरत होतो तोच दुसऱ्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं आणि त्यातून फेसाने पांढरं झालेलं एक डोकं बाहेर आलं. डोळे मिटलेले. "कोण आहे? अहो, पाणी कोणी बंद केलं?"

मी आवाज न करता दोन पायऱ्या वर सरकलो. नंतर मात्र मनाची लाज वाटली म्हणून तिथूनच ओरडलो, "येतंय काका, येतंय!" आमचा कॉक अगदी उजव्या टोकाचा निघाला. गेल्या दहा वर्षांत तो कोणी हलवलेला नसल्याने पान्याला लोंबकळावं लागलं. ते काका आजही लिफ्टमध्ये भेटले की आधी माझ्या हाताकडे बघतात.

नळ मग मुकाट्याने उघडला. आतला वायसर मधोमध खड्डा पडून चघळलेल्या सुपारीसारखा झाला होता. वर्षभर घर ज्याने जागं ठेवलं तो हा एवढासा तुकडा. नवा बसवला, थ्रेडवर पांढऱ्या टेपचे चार वेढे दिले. हे वेढे ज्या दिशेने आटे घट्ट होतात त्याच दिशेने द्यायचे असतात, नाहीतर नळ आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. वर जाऊन कॉक उघडला आणि खाली येऊन बाथरूममध्ये स्टुलावर बसलो. तोटीला एक थेंब लोंबत होता. तो फुगला, थरथरला, पडला. माझ्या पोटात गोळा आला. मग दुसरा आला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंधरा मिनिटं काहीही घडलं नाही, आणि मी ते डोळे भरून पाहिलं.

बाहेर येऊन बायकोला हिशेब सांगितला. आदल्या रात्री मी मुद्दाम खाली बादली लावून ठेवली होती. साडेदहा ते सहा या वेळात 8 लिटर पाणी. म्हणजे दिवसाला 25 लिटर वाचले.

"छान," ती म्हणाली. "मग तेवढ्यात गाडी धुऊन टाक."

ऑफिसात मी ज्या फायली पाहतो त्या कधी संपत नाहीत, त्या फक्त पुढच्या तिमाहीत जातात. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत, सकाळी बिघडलेलं होतं आणि दुपारी चालू झालं, असं एकही काम मला आठवत नाही. म्हणून मला या बारीकसारीक कामांचं व्यसन लागलं असावं. त्यात सगळ्यात जास्त नफ्याचं काम म्हणजे कुकरची दांडी. एक स्क्रू, अर्धं मिनिट, आणि पुढचे सहा महिने वरण सुखरूप. फक्त हे काम आमच्याकडे पेचकसाने कोणी करत नाही. पेचकस शोधण्यापेक्षा सुरी हाताशी असते. त्यामुळे घरातल्या एकाही सुरीला टोक नाही.

नळाच्या यशाने मी शेफारलो आणि सायकलकडे वळलो.

एकेकाळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर. वडील सायकलवरून कचेरीत जात, हँडलला डबा आणि पँटच्या पायाला क्लिप. आम्ही मुलं सुट्टीत तासावर भाड्याची सायकल आणून एका तासात पाच जण शिकायचो. तेव्हा चौकाचौकात सायकलचं दुकान असे. आता पंक्चरवाले मिळतात ते मोटरसायकलींच्या ट्यूबलेस टायरांचे. सायकल नेली की ते तिच्याकडे पाहुण्यांसोबत आलेल्या कुत्र्यासारखं बघतात. आमच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली एक म्हातारे पंक्चरवाले उरलेत, पण त्यांचा रविवार बंद आणि मला वेळ रविवारीच. मागच्या चाकातली हवा पूर्ण गेलेली. म्हटलं, त्यात काय आहे.

टायर रिममधून काढायला पट्ट्या लागतात. पट्ट्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरातून स्टीलचे तीन चमचे आणले, जेवायचे नव्हे, वाढायचे. त्यांचे दांडे या कामाला उत्तम. टायर निघाला, ट्यूब निघाली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. एका जागेवरून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. तो क्षण मला फार आवडतो. इतका वेळ आपण नुसतं "हवा जातेय" म्हणत असतो. कुठून जातेय ते पहिल्यांदाच समोर येतं. ऑफिसच्या फायलींना बुडवायला असं घमेलं मिळालं तर निम्मी सरकारं सुरळीत चालतील.

जागेवर खूण केली, काचकागदाने घासली, सोल्यूशन लावलं आणि लगेच पॅच दाबला. पॅच सरकला. परत केलं, परत सरकला. तिसऱ्या खेपेला सोल्यूशनच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. सोल्यूशन आधी वाळू द्यायचं असतं. बोटाला ओलं लागेनासं झालं की मग पॅच लावायचा. चिकटवायची वस्तू वाळवून चिकटवायची, यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास बसलेला नाही, पण ते खरं आहे.

वाळण्याच्या पाच मिनिटांत बायको गॅलरीत आली. तिच्या वाढायच्या चमच्यांकडे तिचं लक्ष जाऊ नये म्हणून मी तिला टायरचा इतिहास सांगायला घेतला. हवेचा टायर चालू केला तो बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने, 1888 साली, आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. म्हणजे तोही मूळचा सायकलवाला नव्हता, घरचं काम म्हणूनच करायला गेला होता. पुढे त्याचं पेटंट रद्द झालं, कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने तीच कल्पना 1845 मध्येच नोंदवून ठेवली होती. आणि सुरुवातीचे टायर तर रिमला चक्क चिकटवलेले असत. पंक्चर काढायचं तर आधी ते उचकटा, मग सगळं परत चिकटवून वाळत ठेवा. सुटा निघणारा टायर फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी आणला, 1891 मध्ये.

"चमच्याने काढायचे का ते?" बायकोने विचारलं.

पॅच बसला. टायर चढवला, हवा भरली, गल्लीत एक फेरी मारली. फेरी संपता संपता चाक पुन्हा बसलं. ज्याने मूळ पंक्चर केलं तो बाभळीचा काटा टायरच्या आतच होता. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं. हे मला माहीत होतं, माहीत असूनही फिरवलं नाही. काटा काढला, दुसरा पॅच लावला. तिसऱ्या खेपेला पाण्यात बुडबुड्यांच्या दोन रेघा शेजारी शेजारी, सापाच्या दातांसारख्या. टायर चढवताना ट्यूब चमच्याच्या दांड्यात चिमटली गेली होती. टायर चढवायला चमचे वापरायचे नसतात, शेवटचा भाग अंगठ्यांनी ढकलायचा असतो. सकाळी नऊला बसलो होतो तो साडेचारला उठलो. ट्यूबवर तीन पॅच, तीन चमचे वाकलेले आणि अंगठ्यांना फोड. पण चाक टणक होतं. दर अर्ध्या तासाने जाऊन मी ते दाबून पाहत होतो.

उत्साहाच्या भरात डावं पेडलही बदलायला घेतलं. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर ते पाय मारता मारता आपोआप सुटून आलं असतं. मी नेहमीच्या दिशेने पाना फिरवत राहिलो, सुटेना म्हणून पान्यावर उभा राहिलो, आणि ते पेडल आता जन्मात सुटणार नाही इतकं घट्ट केलं. पाना वर धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंची पेडलं सुटतात, हे नंतर कळलं. आमचं त्यानेही सुटलं नाही. नवं पेडल डब्यात ठेवलंय. लागेल कधीतरी.

संध्याकाळी मी सायकल मुद्दाम दिवाणखान्याच्या दारात लावली. मुलगी आली, वळसा घालून आत गेली. आई म्हणाली, "ही इथे का?" बायकोने चमचे पाहिले. तीन पॅच कोणाला दिसायचं कारणच नव्हतं, ते टायरच्या पोटात होते.

पुढचे दोन आठवडे चाक दगडासारखं राहिलं. गेल्या मंगळवारी सकाळी दूध आणायला निघालो आणि वाटेत फुस्स झालं. वार मंगळवार, म्हणजे कडुनिंबाखालचे काका होते. मनात पहिला विचार आला तो माझ्या पॅचचाच. सायकल ढकलत नेताना मी मनातल्या मनात कारणं जुळवत होतो, सोल्यूशन जुनं असेल, काचकागद झिजलेला असेल.

काकांनी दोन पट्ट्या घातल्या, एक हिसका दिला, आणि ज्याला मला तास लागला होता तो टायर बाहेर आला. हवा भरून ट्यूब घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले ते माझ्या पॅचांपासून वीतभर लांब. नवा खिळा होता. मी सुटकेचा श्वास टाकला.

ते घासायला घेणार तेवढ्यात त्यांची नजर ट्यूबच्या दुसऱ्या बाजूला गेली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे तीन कोणी लावलेत?"

"मी," मी म्हणालो. आवाज शाळेतल्यासारखा आला.

"ओबडधोबड कापलेत. कडा गोल करायच्या असतात साहेब, कोपरा असला की तिथून उचलतं."

त्यांनी पहिल्या पॅचच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं आणि खरवडून पाहिलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या, ट्यूब ताणून, दोन्ही बाजूंनी. मी श्वास रोखून उभा होतो. शेजारच्या टपरीवरचा चहावालाही बघत होता, असं मला वाटलं.

"धरलंय," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

मी पन्नासची नोट दिली, सुटे परत घ्यायला विसरलो. दूधही विसरलो. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, एवढा वेळ कुठे होतास? मी सांगितलं, धरलंय म्हणाले. ती म्हणाली, कोण, काय धरलंय, आणि पिशवी रिकामी का?