आप्पांबद्दल, एकाहत्तर सोडून

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर मोठी गर्दी होती. माजी सैनिक संघटनेची माणसं छातीवर मेडल लावून आली होती, गावाकडची भावकी होती, गल्लीतली तरणी पोरं होती. सात-आठ जण बोलले. सगळे मनापासून बोलले आणि जवळपास सगळेच एकाच गोष्टीवर बोलले. एकाहत्तरची लढाई. त्यात चुकीचं काहीच नाही. पण ती लढाई काही आठवड्यांत संपली, आणि आप्पा त्यानंतर पन्नास वर्षांहून जास्त जगले. त्या वर्षांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

लढाईचं आधी सांगते. त्याचा आम्हाला अभिमान आहेच. आप्पा १९६९ साली बेळगावला जाऊन मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले, वय अठरा. पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण पूर्वेच्या आघाडीवर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या पाठीमागं जायचं आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून बसायचं, हे काम त्यांच्याकडं होतं. आपल्या ब्रिगेडनं पाकिस्तानी कमांडरला शरण यायचं पत्र पाठवलं, तर त्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री त्यांच्या फौजेनं वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि तो मराठ्यांच्या अंगावर आला. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. १६ तारखेला ढाका. आप्पा तेव्हा वीस वर्षांचे होते.

यातलं बहुतेक आम्हाला त्यांच्या दोस्तांकडून कळलं. २६ जानेवारीला शाळेत त्यांना बोलवायचे, शाल-नारळ व्हायचा, आणि मग एखादा पोरगा हमखास विचारायचा, "आजोबा, तुम्ही किती मारले?" आप्पा त्याचं उत्तर कधीच देत नसत. ते म्हणायचे, "लढाई थांबली की सगळ्या पलटणीला एकच घाई. घरला पत्र टाकायची." पोरांना ते फार आवडत नसावं. मला मात्र वाटतं, आप्पांबद्दल ठाऊक असावं असं सगळं त्या एका वाक्यात होतं.

फौजीच्या घरात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाप म्हणजे '५६ एपीओ' असा फौजी टपालाचा पत्ता, महिन्याची मनीऑर्डर, आणि वर्षातून सुट्टीला येणारी काळी ट्रंक. आप्पा आले की पहिले दोन-तीन दिवस मी आईच्या पदरामागं असायचे. ओळख व्हायची, लळा लागायचा, आणि तोवर सुट्टी संपायची. ऊस, म्हैस, सोसायटीचं कर्ज, माझी शाळा, भावाचं आजारपण, सगळं आईनं एकटीनं ओढलं. तार आली की घरात शिरणाऱ्या पोस्टमनच्या चेहऱ्याकडं ती आधी बघायची, कागदाकडं नंतर.

१९९१ ला आप्पा हवालदार म्हणून पेन्शनवर आले. चाळीस वर्षांचा माणूस. आणि इथून पुढचं मला खरं मोठं वाटतं. लढाईत पुढं काय करायचं ते सांगायला अधिकारी असतो, शेजारी दहा जण असतात. चाळीसाव्या वर्षी अशा घरात परत यायचं, जे तुमच्याशिवाय चालायला शिकलंय, याचं ट्रेनिंग कुठलंच सेंटर देत नाही. अनेक घरं इथं मोडताना मी बघितली आहेत. चांगली माणसं, पण हुकूम सोडायची सवय जात नाही, मुलं लांब राहतात, मग कॅन्टीनची बाटली जवळची वाटायला लागते.

आप्पांचंही सुरुवातीला तसंच झालं. नऊ वाजता दिवा बंद. चपला एका ओळीत. आईनं काही दिवस ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती शांतपणे म्हणाली, "अहो, हितं पलटण न्हाई. आणि असलीच, तर पंधरा वर्सं हितली सुभेदार मी हाय."

आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. "सुभेदार साब, आज माझी ड्युटी काय?"

आईनं चरवी हातात दिली. म्हशीची धार. त्या दिवसापासून आप्पांनी धार काढली, शेणघाण केली, पाणी भरलं. पुढं आम्ही कोल्हापुरात राहायला आलो, म्हैस गेली, तरी पहाटेचा तो प्रश्न गेला नाही. अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा आई खोलीत आली की विचारायचे, "ड्युटी?" आणि ती म्हणायची, "आराम करा." हवालदार असून स्वतःच्या घरात शिपायापासून सुरुवात करायला जी छाती लागते, तिच्यासाठी कुठलं मेडल नाही.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत त्यांनी बरीच वर्षं वॉचमनची नोकरी केली. बहुतेक रात्रपाळी. भावाचं डिप्लोमा आणि माझं बी.एड. त्याच पगारावर झालं. आप्पांना त्या कामाची लाज कधी वाटली नाही. मला मात्र एका गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. माणसं सांभाळायची, हत्यारं, सामान, हिशेब बघायचा, रात्रीबेरात्री निर्णय घ्यायचा, हे सगळं शिकून आलेल्या माणसाला चाळिशीत आपण फक्त गेट उघडायला ठेवतो. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, ज्याच्या नावातच सैनिक आहे. घरटी एक जण फौजेत गेल्याचं आपण कौतुकानं सांगतो. परत आलेल्यांपुढं आपण काय ठेवतो, हेही कधीतरी बोलायला हवं.

आजी शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती. तिला आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं आप्पा करायचे. भावकीतले एक जण म्हणाले, "अरे, सुना आहेत की घरात." आप्पा म्हणाले, "मिलिटरीत बाया नसत्यात. सगळं आमीच करतो." विषय तिथंच संपला. माझ्या भावानं आपल्या घरात कधी कुठल्या कामाला 'बायकांचं' म्हटलं नाही, ते त्यानं तिथं बघितलं म्हणून.

आता त्या रेक्झिनच्या पिशवीबद्दल. आप्पांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. तिच्यात दुसऱ्यांची कागदपत्रं असायची. एक फौजी दोस्त वारला आणि त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन अडकली, तिथून हे सुरू झालं. कारण काय, तर लग्नात तिचं नाव बदललेलं. सर्व्हिस रेकॉर्डला एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, आधारवर तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं. जन्मतारीख तर अंदाजानंच टाकलेली. नवरा जिवंत असता तर ते सहज दुरुस्त झालं असतं. तो गेल्यावर त्या बाईला सिद्ध करावं लागतं की आपण आपणच आहोत.

आप्पा तिचे कागद घेऊन एसटीनं बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात गेले. काम झालं. मग दुसरी आली, मग तिसरी. पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं यांची सर्व्हिस रेकॉर्डला होणारी नोंद), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), जॉइंट खातं, प्रतिज्ञापत्र, हे शब्द मला त्यांच्यामुळं पाठ झाले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुठला अर्ज मिळतो, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड कसं काढायचं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा भरायचा, सगळं ते समजावून सांगायचे. पेन्शन 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या वेबसाइटवर ऑनलाइन गेली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आप्पांनी माझ्या मुलीजवळ बसून लॉगिन शिकून घेतलं. शेतात राबून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत, त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. अशा बायकांना घेऊन ते कुठं कुठं गेले असतील, त्याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. भाड्याचे पैसे घेत नव्हते. चहा घ्यायचे, बिनसाखरेचा.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा पंचावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीसची. आमच्या गल्लीत पाणी चढायला लागलं तेव्हा आप्पांनी आधी आईला वरच्या मजल्यावर बसवलं, आणि दुसऱ्या फेरीत ती पिशवी नेली. टीव्ही, फ्रीज, धान्य नंतर. "आपलं परत घेता येतंय. त्यास्नी पुन्हा बेळगावला पळाय लागंल."

म्हणून ज्यांच्या घरात फौजी आहे, नोकरीत असो वा पेन्शनवर, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. आज रात्री पीपीओ काढून बघा. बायकोचं नाव आणि जन्मतारीख रेकॉर्डला आणि आधारला एकच आहे का? खातं दोघांच्या नावावर आहे का? नसेल तर तो माणूस समोर बसलेला आहे तोवर दुरुस्त करून घ्या. १५ ऑगस्टला हार घाला, १४ जानेवारीला माजी सैनिक दिन करा, पण हे आधी करा.

आप्पांची स्वतःची फाईल कपाटात वरच होती. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: 'मृत्यूचा दाखला, जास्त प्रती काढणे. मग बँक. मग बेळगाव. घाई नको. आईला वेळेवर जेवायला घालणे.' आईच्या पेन्शनचा अर्ज एकाही दुरुस्तीशिवाय गेला.

पिशवीत मात्र अजून काही जणींचे कागद आहेत. एक शिरोळकडची आहे, एक कागलची, बाकीचे मी नावं लावून वेगळे करते आहे. पुढच्या आठवड्यात मी बेळगावला जाणार आहे. कुणी आप्पांकडं कागद दिले असतील, किंवा द्यायचे राहिले असतील, तर घरी आणून द्या. मी शाळेत असले तरी आई घरी असते. येताना आधारची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक आठवणीनं आणा.