रेग्युलर म्हणे!

इंग्रजीतल्या इररेग्युलर क्रियापदांबद्दल माझी काही तक्रार नाही बुवा. गो वेंट गॉन, पाठ कर नाहीतर मर, सरळ मामला. नियमाचं आमिष दाखवून कुणी फसवत नाही. खरा छळ मांडलाय तो रेग्युलर म्हणवून घेणाऱ्यांनी. साळसूदपणे सांगतात, भूतकाळ ना, सोप्पंय, शेवटी ईडी लावा, आणि आपण भोळे लावायला जातो.

भाचीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलंय कारण घरातले बाकीचे वेळेत सटकले. वॉकला ईडी लावलं, झालं. स्टॉपला लावताना मात्र पी डबल. का, तर शेवटी एक स्वर आणि त्यामागे एकच व्यंजन. बरं, मग व्हिजिटचा टी का नाही डबल? तर तिथे जोर पहिल्या अक्षरावर आहे म्हणे! प्रिफरमध्ये जोर शेवटी म्हणून आर दोनदा, ऑफरमध्ये सुरुवातीला म्हणून एकदाच, म्हणजे आधी शब्द मोठ्याने म्हणा, जोर कुठे पडतो ते ऐका आणि मग स्पेलिंग लिहा, आता परीक्षेत मोठ्याने कोण म्हणू देतं? त्यात आपण मराठी माणसं सगळ्याच अक्षरांवर सारखाच जोर देऊन मोकळे. एवढं करून ट्रॅव्हल आडवा येतोच. जोर पहिल्यावर, तरी ब्रिटिश एल डबल करतात आणि अमेरिकन करत नाहीत. अरे तुमचं तुम्ही आपसात मिटवा ना, आमच्या वहीत कशाला भांडताय!

क्रायचा वाय जाऊन आय येतो, प्लेचा वाय जागचा हलत नाही. असो.

उच्चारांची वेगळीच तऱ्हा. लिहायचं तेच ईडी, पण म्हणायचं वॉक्ट, प्लेड आणि वॉन्टेड. भाची बिनधास्त 'वॉकेड' म्हणते. मी टोकणं सोडलंय, कारण काही शतकांपूर्वी इंग्रज स्वतःच तो एड असा सुटा, खणखणीत म्हणायचे, नंतर हळूहळू त्यातला स्वर गिळायला लागले आणि स्पेलिंग मात्र ठेवलं तसंच. म्हणजे पोरगी चुकत नाहीये, जरा जुन्या वळणाची आहे एवढंच.

तर एवढा घाम गाळून तिला स्टॉपला दोन पी आणि ईडी लावायला शिकवलं, आणि पुढचाच स्वाध्याय निघाला प्रश्नार्थक वाक्यांचा. डिड आलं की ईडी काढा. पी पण एकच ठेवा.

"मामा, काढायचंच होतं तर लावलं कशाला रे?"

"तू खोड गं आधी."

तिने करकरून खोडलं, पानाला भोक पडायचंच बाकी होतं. मी तेवढ्यात हळूच पुढचं पान बघितलं. तिथे हॅव बसलं होतं. म्हटलं, पेन्सिल आत ठेवू नकोस, परत लावायचंय.