हेमिंग्वेची बायको म्हणून वार्ताहर? तारखा जुळवून बघा

अमेरिकी युद्धवार्ताहर मार्था गेलहॉर्नवरचा एक मजकूर सध्या कोल्हापुरातल्या वाचकांच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेची बायको म्हणून ती युद्धवार्ताहर झाली, 'कॉलियर्स' साप्ताहिकात त्यानंच तिला चिकटवलं, दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरल्या तेव्हा तो किनाऱ्यावर उतरला आणि ती मागंच राहिली, घटस्फोटानंतर तिचं लिखाण आटलं. चारही विधानं चुकीची आहेत.

लग्न झालं २१ नोव्हेंबर १९४० ला. दोघांची पहिली भेट डिसेंबर १९३६ मधली, अमेरिकेतल्या 'की वेस्ट' या गावातल्या एका बारमधली. त्याआधी १९३४ पासून ती अमेरिकी सरकारच्या मदत खात्यासाठी मंदीनं पिचलेल्या गिरणी कामगारांच्या वस्त्या फिरून अहवाल लिहीत होती. त्या अनुभवावर तिचं चार दीर्घकथांचं पुस्तक १९३६ साली आलं, इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या प्रस्तावनेसह.

'कॉलियर्स'चं तर उलटंच आहे. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना माद्रिदहून पाठवलेला तिचा वृत्तान्त त्यांनी १९३७ मध्ये छापला. हेमिंग्वे तेव्हा दुसऱ्याच वृत्तसंस्थेसाठी लिहीत होता. माद्रिदमध्ये त्याच्या ओळखींचा तिला फायदा झाला, ते नाकारायचं कारण नाही. पण १९३९ मध्ये फिनलंडची राजधानी हेलसिंकीवर बाँब पडले तेव्हा ती तिथं एकटी होती, आणि १९४१ च्या चीन दौऱ्यावर 'कॉलियर्स'नं तिला पाठवलं होतं, तो सोबत गेला होता. तो स्वतः 'कॉलियर्स'चा युद्धवार्ताहर झाला १९४४ मध्ये, म्हणजे तिच्यानंतर सात वर्षांनी. आणि त्यानं तिचं मोठंच नुकसान झालं.

नॉर्मंडीचा मुद्दा समजायचा तर हे नुकसान आधी समजायला हवं. आघाडीसाठी प्रत्येक नियतकालिकाला एकाच वार्ताहराची जागा होती. ती त्यानं घेतली. शिवाय बायकांना आघाडीवर जाऊ द्यायचं नाही, असा लष्कराचा नियमच होता. आपल्याकडे अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे पत्रकाराला मिळणारं सरकारी मान्यतेचं कार्ड, म्हटलं की एसटीची सवलत आठवते. तिथं लष्करी मान्यता नसली तर जहाजात जागा नाही, जेवण नाही, मजकूर सेन्सॉरकडून मंजूर होऊन तारेनं जायची सोय नाही. तो विमानानं लंडनला गेला. ती डायनामाइट लादलेल्या मालवाहू जहाजातून, दोन आठवड्यांहून जास्त दिवसांनी पोचली.

६ जून १९४४ ला हेमिंग्वे सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होडीतून नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ गेला खरा, पण त्याला उतरू दिलं नाही. होडी मोठ्या जहाजाकडे परतली. गेलहॉर्न एका इस्पितळ-जहाजावर चढली, संडासात कडी लावून बसली आणि जहाज सुटल्यावरच बाहेर आली. जखमी आणायला स्ट्रेचरवाल्यांबरोबर ती रात्री नॉर्मंडीतल्या ओमाहा नावाच्या किनाऱ्यावर उतरली. परतल्यावर लष्करी पोलिसांनी धरलं, मान्यता काढून घेतली, परिचारिकांच्या शिबिरात ठेवलं. कुंपण ओलांडून ती निसटली आणि इटलीच्या आघाडीवर गेली. मान्यता नसताना!

लिखाण आटलं म्हणणाऱ्यानं पुढच्या तारखा बघितलेल्याच नाहीत. घटस्फोट १९४५ चा. 'द फेस ऑफ वॉर' हा युद्धवृत्तान्तांचा संग्रह १९५९ चा. १९६६ मध्ये ती 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकासाठी व्हिएतनाममध्ये होती. पनामावर अमेरिकेनं डिसेंबर १९८९ मध्ये चढाई केली, त्यानंतर ती तिथं गेली तेव्हा तिचं वय ८१ होतं.

या मजकुराला उत्तर म्हणून तिच्या चाहत्यांचाही एक मेसेज आलाय. त्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या जमावहत्येचा तिचा १९३६ चा लेख 'डोळ्यांदेखत पाहून लिहिलेला' म्हणून दिलाय. तो फॉरवर्ड करू नका. लेख प्रत्यक्षदर्शीच्या सुरात आहे, पण ती तिथं हजर नव्हती. हे पुढं तिनंच मान्य केलंय.