फुकट, बिनमालकाचं आणि बंद न पडणारं?

“कंपन्यांना सोडा, गावाचं स्वतःचं मॅस्टोडॉन काढा. फुकट आहे, मालक कोणी नाही, बंद कोणी पाडू शकत नाही.” या अर्थाचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढे ढकलला जातो. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं सोशल नेटवर्क, पण एका कंपनीचं नाही: कोणीही आपला सर्व्हर काढतो आणि हे सर्व्हर एकमेकांना पोस्ट पाठवतात. काढायला हरकत नाही. पण याच तीन गोष्टींवर विसंबून काढलं, तर कापसाच्या दुसऱ्या वेचणीपर्यंतही टिकणार नाही.

फुकट आहे ते सॉफ्टवेअर. पन्नास-साठ जणांसाठी 4 जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, डोमेन (म्हणजे सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव) आणि बॅकअपची जागा मिळून महिन्याला हजार-दीड हजार बाजूला ठेवा, म्हणजे माणशी पंचवीसेक रुपये. भिशीच्या वहीत एक रकाना वाढवला की भागतं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवायचं म्हणाल, तर लाइन जाते हे एक. शिवाय सिमवरच्या नेटला सहसा बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र आयपी पत्ताच नसतो. 7 दिवस पोचवणूक फसत राहिली की बाकीचे मॅस्टोडॉन सर्व्हर तुम्हाला पाठवणं थांबवतात.

डिस्क भरते, तीही तुमच्या फोटोंनी नाही. गावातले लोक डोमकळीचे (बोंडअळी लागलेल्या कपाशीच्या फुलाचे) फोटो टाकून टाकून किती टाकतील? पण ते बाहेरच्या ज्यांना फॉलो करतात, त्यांच्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती तुमच्या डिस्कवर साचत जातात. जागा संपली की पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे खाती-पोस्टची वही, लिहिणं थांबवतो आणि सगळंच ठप्प. सेटिंगमध्ये बाहेरच्या मीडियाची मुदत 7 दिवस ठेवा आणि डिस्क 80 टक्के भरली की इशारा येईल असं करा.

मालक असतो: डोमेन ज्याच्या नावावर, तो. पोरगा पुण्याला नोकरीला लागतो, कार्डाची मुदत संपते, नूतनीकरण राहून जातं. सर्व्हरचं हे नाव नंतर बदलता येत नाही. नव्या नावाने उभं केलं, तर बाहेरच्यांसाठी तुम्ही अनोळखी. म्हणून पासवर्ड किमान दोघांकडे हवेत. डेटाबेस, लोकांनी टाकलेले फोटो आणि गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइल यांची प्रत रोज दुसरीकडे जायला हवी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उलगडून बघा. आणि हो, थेट संदेश व्हॉट्सअ‍ॅपसारखे कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. सदस्य करून घेतानाच हे सांगा.

बंद पाडायची गरजच नसते. 2024 च्या फेब्रुवारीत नोंदणी सताड उघडी आणि देखरेख नसलेल्या छोट्या सर्व्हरांवर खाती काढून स्पॅमचा लोंढा सोडला गेला. इतरांनी अशा सर्व्हरांशी संबंध तोडले. चालू राहिले, पण त्यांचं पोचेना. त्यानंतर मॅस्टोडॉनमध्येच सोय झाली: आठवडाभर देखरेख करणारं कोणी फिरकलं नाही, तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. तुम्ही पहिल्या दिवसापासून मंजुरी ठेवा. “गाव कोणतं, कोणी सांगितलं?” एवढं विचारलं तरी बरंच गाळलं जातं.

“अ‍ॅडमिनवर काही येत नाही, नागपूर खंडपीठानेच सांगितलंय,” हे शेपूटही त्या सल्ल्याला असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या या खंडपीठाचा 2021 चा तो निकाल गोंदिया जिल्ह्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल होता. ग्रुप अ‍ॅडमिनच्या हातात तेव्हा सदस्य घेणं-काढणं एवढंच होतं, हा त्यातला एक आधार. सर्व्हर चालवणारा पोस्टही काढू शकतो, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे लावू नका. तक्रार कोणाकडे करायची ते नाव-संपर्कासह माहितीच्या पानावर लावा. तक्रारी बघायला तिघांची पाळी लावा, आणि त्यातला एक तरी असा घ्या जो वेचणीच्या दिवसांत वावरात नसतो.